उत्तम पुरुष, एकवचन

सोलापूर, शुक्रवार पेठ
ता. ६ फेब्रुवारी १९३३

चि. पद्मजा,

एवढा मायना लिहायलाच पाऊण तास गेला. 'चि.' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पुढे आशीर्वाद लिहायचे, पण चार वर्षं कार्डसुद्धा न टाकलेल्या बापाने ते कुठल्या तोंडाने लिहावेत, म्हणून गाळले आहेत. हवे असतील तर त्या 'चि.'मध्येच आहेत असं समज.

पत्राला कारण काही विशेष नाही. जानेवारीत मी शाळेतून निवृत्त झालो. एकतीस वर्षं संस्कृत शिकवलं. निरोपाला हार, नारळ आणि एक छत्री मिळाली. तेव्हापासून घरात बसवत नाही. सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याला दोन फेऱ्या, दुपारी आणखी दोन. गिरणीचा भोंगा झाला की उगाच कोट चढवतो, टोपी घालतो, आणि मग आठवतं की कुठेच जायचं नाही. तुझी आई म्हणते, "एका जागी बसा की जरा, फरशी झिजेल." मला नाही म्हणत. गंगम्माला म्हणते, मला ऐकू जाईल अशा बेताने. गंगम्मा म्हणजे धुण्याभांड्याला नवी लागलेली बाई, अक्कलकोटाकडची, कानडी. घरात सध्या माझ्याशी थेट बोलणारी तेवढी एकच.

तर वेळ जात नाही म्हणून मी लॅटिन शिकायला लागलो आहे. हसू नकोस. तुझ्या मिशनच्या शाळेतल्या प्रेमलाबाईंकडे जातो. शाळा सुटली की व्हरांड्यात बाक टाकतात, त्यावर मी बसतो, आणि पाचवीतल्या मुली फाटकाला लोंबकळून माझी शेंडी बघतात. पहिल्या दिवशी बाईंनी धातू दिला तो 'प्रेम करणे'. छप्पन्न वर्षांच्या शास्त्र्याने परक्या बाईसमोर 'मी प्रेम करतो, तू प्रेम करतोस' म्हणायचं! मी म्हटलं, दुसरा धातू नाही का? तर म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, पुस्तक इथूनच सुरू होतं." आमो, आमास, आमात. पाठ केलं.

पण एक सांगतो, या लोकांचं चुकतं. हे 'मी'पासून सुरू करतात. पहिली ओळ 'मी'ची, मग 'तू'ची, आणि 'तो' बिचारा शेवटी. त्याच हिशेबाने बाई 'मी'ला प्रथम पुरुष म्हणतात. तू जाणतेस, आपल्या संस्कृतात 'तो' हा प्रथम पुरुष. भवति, भवसि, भवामि. आधी जग, मग समोरचा, सगळ्यांत शेवटी आपण. 'मी'ला उत्तम पुरुष म्हणतात, पण उभा राहतो तो शेवटच्या ओळीत. मी हे बाईंना चांगलं अर्धा तास समजावलं. शिवाय आमातमधला शेवटचा 'त' म्हणजे आपल्या भवतितला 'ति', दोन्ही 'तो'चेच, हेही दाखवून दिलं. त्या म्हणाल्या, "पद्मजासुद्धा पहिल्या दिवशी हेच म्हणाली होती."

मग मी छत्री घेऊन घरी आलो. तुझी आई बरी आहे. मुकुंदा जेऊरच्या स्टेशनवर तिकिटं फाडतो, महिन्यातून एकदा येतो. तुझा पत्ता त्याच्याकडून घेतला. वेलूरला उन्हाळा फार असतो म्हणतात.

चिंतामणीशास्त्री

*

सोलापूर
ता. २ मार्च १९३३

चि. पद्मजा,

तुझं उत्तर नाही. मी वाटही पाहत नव्हतो. पोस्टमन धुळाप्पा समोरून जाताना मी सहज दारात उभा असतो, इतकंच. काल तर तो स्वतःच म्हणाला, "मास्तर, न्हाय आलं. आलं की मीच वरडत येतो, तुमी उनात नका हुबारू."

लॅटिन वाढलं आहे. काळ सहा आहेत. त्यातल्या दोघांनी माझी झोप घालवली आहे, दोघेही भूतकाळ. एक म्हणजे झालं, संपलं, दार लावून घेतलं. आमावी, मी प्रेम केलं. दुसरा न संपणारा. आमाबाम, मी प्रेम करीत असे. दिसायला 'वी' आणि 'बाम' एवढाच फरक. बाई मला वाक्य देतात आणि विचारतात, इथे कुठला भूतकाळ? मी आपला प्रत्येक वेळी संपलेला घालतो. बाई म्हणतात, "तुम्हाला सगळं संपवायची घाई फार." मास्तर चांगल्या आहेत, पण बोलायला तिखट.

आठवड्यापूर्वी त्या भाचीच्या लग्नाला टेंभुर्णीला गेल्या. जाताना त्यांच्या हातचे तक्ते मला देऊन गेल्या. मी एकटाच पुढे निघालो. पाठ झालेलं बडबडत तळ्याला फेऱ्या मारतो. लोकांना वाटतं, शास्त्रीबुवांनी जप धरला.

काल तक्त्यात एक धातू सापडला. एर्रारे. त्याचा अर्थ भटकणे, आणि त्याचाच अर्थ चुकणे. दोन्हीला एकच धातू! मी तळ्याच्या कट्ट्यावर खाली बसलो. महिनाभर मी जे करतो आहे त्याला या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी शब्द करून ठेवला होता.

पद्मजा, मी हे पत्र चार वेळा लिहून फाडलं आहे. मराठीत लिहायला बसलो की माझा हात वर्गातल्यासारखा होतो, समजावायला लागतो. म्हणून मराठीत लिहीत नाही. तुझ्या भाषेत एकच शब्द लिहितो. प्रत्येक काळ, प्रत्येक पुरुष पारखून घेतला आहे. तुला कळेल. त्यानंतर तुला वाटलं तर दोन ओळी लिही.

एर्रावित.

तुझे वडील

*

सोलापूर
ता. ९ एप्रिल १९३३, दुपार

पद्मजा,

मुकुंदा सकाळी आला. तोंड उतरलेलं. आंघोळ नाही, चहा नाही, खिशातून तुझं पत्र काढलं आणि म्हणाला, "नाना, ती रंगूनला चाललीय." परीक्षा झाली, तिकडच्या दवाखान्यात जागा मिळाली, बारा मेला मद्रासहून बोट. सोलापूरला यायचं नाही. आणि शेवटी माझ्यासाठी निरोप. मुकुंदा वाचायला तयार नव्हता, मी त्याच्या हातातून ओढून घेतला.

"नानांना सांग, त्यांचं लॅटिन पोचलं. 'तिचं चुकलं' एवढं कळवायला त्यांनी नवी भाषा शिकायला नको होती. मराठीत त्यांनी ते चार वर्षांपूर्वीच कळवलं होतं."

कुठे लिहिलं मी 'तिचं चुकलं'? छप्पन्नाव्या वर्षी मी बाकावर बसलो, पोरींनी शेंडीची टिंगल केली ती सोसली, कशासाठी? तुझ्यासमोर पगडी उतरवली आणि तू तिचा असा अर्थ लावलास? एर्रावित म्हणजे 'मी चुकलो'. मी! तक्त्यात शेवटची ओळ पाहा. डॉक्टरीच्या नादात तू लॅटिन विसरलीस. तुझं उत्तर चूक आहे.

हे पत्र आत्ताच्या आत्ता पेटीत टाकतो. मुकुंदा थांबा म्हणतो आहे. त्याला काय कळतंय?

चिं.

*

सोलापूर
ता. १० एप्रिल १९३३

पद्मे,

तुझं उत्तर बरोबर होतं.

काल ते पत्र टाकून तसाच तडक प्रेमलाबाईंकडे गेलो. त्या टेंभुर्णीहून परत आल्या आहेत. तक्ता त्यांच्यापुढे आपटला आणि म्हटलं, वाचा, तुमच्या विद्यार्थिनीला साधी ओळ लावता येत नाही. त्यांनी चष्मा लावला. तक्त्यात त्यांच्याच अक्षरात वरून खाली लिहिलं आहे: प्रथम पुरुष, एर्रावी. द्वितीय पुरुष, एर्राविस्ती. तृतीय पुरुष, एर्रावित. त्यांनी विचारलं, "शास्त्रीबुवा, तुम्हाला 'मी' हवा होता ना? मग शेवटची ओळ का घेतलीत?"

मी म्हटलं, 'मी' शेवटीच असतो.

म्हणालो आणि माझं मलाच ऐकू आलं.

एकतीस वर्षं भवति, भवसि, भवामि म्हणवून घेतलेला माणूस मी. प्रथम पुरुष म्हणजे 'तो', हे मला झोपेत विचार. पहिल्या पत्रात याच गोष्टीवरून तुला शहाणपणा शिकवला होता. तो शेवटचा 'त'सुद्धा मीच ऐटीत दाखवला होता. आणि लिहायची वेळ आली तेव्हा हात आपल्या सवयीने शेवटच्या ओळीवर गेला. 'मी चुकलो' लिहायला बसलो आणि लिहिलं 'तिचं चुकलं'. वर तुलाच चूक म्हटलं. दुसऱ्यांदा.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं.

दुसऱ्यांदा म्हणतो आहे, तर पहिल्यांदाचंही आता लिहितो. ते तुला आठवत असणार. मला तर रोज आठवतं. तू अकरा वर्षांची. ओटीवर मुकुंदा आणि शिकवणीची तीन मुलं. मी विचारलं, भू धातू, परोक्ष भूतकाळ, उत्तम पुरुष, एकवचन? मुकुंदा दाराकडे बघत बसला. तिन्ही मुलं खाली बघत होती. आणि तू आत मेथी निवडत होतीस, तिथून म्हणालीस, "बभूव."

मी म्हटलं, चूक. ते प्रथम पुरुषाचं रूप.

तू म्हणालीस, "नाना, दोन्हींचं एकच आहे."

मी म्हटलं, चूक म्हटलं ना!

पद्मे, दोन्हींचं एकच आहे. 'तो झाला'लाही बभूव आणि 'मी झालो'लाही बभूव. ते मला ठाऊक होतं. मुलगा चार जणांत मुका बसला आणि मुलीने भाजी निवडता निवडता उत्तर दिलं, ते मला सोसलं नाही, एवढंच. तुला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. भिंतीपलीकडून ऐकून तू जे उचललंस ते मी मुकुंदाला छड्या मारून देऊ शकलो नाही. त्यानंतर तू मला कधी काही विचारलं नाहीस. मिशनच्या शाळेत लॅटिनला जाऊन बसलीस. मी गावभर सांगत हिंडलो की मुलीला आपली विद्या नको, परक्यांची हवी.

वेळ जात नाही म्हणून लॅटिन शिकतो, असं तुला लिहिलं होतं. तेही खोटं. जानेवारीत छत्री ठेवायला माळा उघडला, तिथे तुझी लॅटिनची वही निघाली. सहावीतली. आतल्या बाजूला पुठ्ठ्यावर तू पेन्सिलीने लिहिलं आहेस, "इथे बरोबर उत्तराला बरोबर म्हणतात."

ती वही मी तुझ्या आईला वाचून दाखवली. ती ऐकून घेऊन आत गेली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. काल रात्री जेवताना मात्र बोलली. मी तिला सगळं सांगितलं, एर्रावी, एर्रावित, चुकलेली ओळ. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "माझं चुकलं, हे मराठीत सांगता येत नव्हतं?"

म्हणून मराठीत सांगतो. माझं चुकलं.

आणि आणखीही आहे. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये तू ट्रंक घेऊन उंबऱ्यात उभी होतीस. टांगा बाहेर. आईने हातावर दही घातलं. तू म्हणालीस, "नाना, येऊ?" आपल्याकडे जाणारा 'जातो' म्हणत नाही, 'येऊ?' म्हणतो, आणि घरातल्याने 'ये' म्हणायचं असतं. दोनदा विचारलंस. मी पेपर तपासत होतो. तांबड्या शाईची दौत पुढे होती, तिच्यात टाक बुडवला आणि वर पाहिलं नाही. तू 'ये' न ऐकताच गेलीस.

पुढे लोक विचारत, शास्त्रीबुवा, तुम्हाला मुलगी ना? मी म्हणे, होती. कालपर्यंत म्हणत होतो. जिवंत मुलीला मी भूतकाळ लावला. माझ्या वागण्याला परोक्ष भूतकाळ तरी कुठे लावता येतो? तो न पाहिलेल्या गोष्टींचा. त्यात 'मी' यायचा तर माणूस झोपेत हवा किंवा नशेत, असं आमचं शास्त्र म्हणतं. मी झोपेत नव्हतो. मी सगळं बघत होतो.

एर्रावीही पुरत नाही. ते एकदा चुकल्याचं झालं. बाईंना विचारून, पहिली ओळ बोटाने धरून लिहितो: एर्राबाम. मी चुकत होतो. मी भटकत होतो. रोज.

बारा मेच्या आत एकदा ये. घरी यायचं नसेल तर स्टेशनवर ये, मद्रास मेल इथे थांबते, मी फलाटावर उभा राहीन.

नाना

*

सोलापूर
ता. ५ मे १९३३

पद्मे,

हे पत्र टपालात पडणार नाही, बरोबर घेऊन येणार आहे. दहा एप्रिलचं पत्र परत आलं. धुळाप्पाने ते लांबूनच दाखवलं, ओरडला मात्र नाही. पाकिटावर आडवा शेरा, 'रिफ्यूज्ड'. अक्षर तुझंच. नऊ तारखेचं आधी पोचलं असणार, तेव्हा पुढचं तू कशाला फोडशील? तुझ्या जागी मीही फोडलं नसतं. तुझ्या जागी मी तर आधीची दोनही फोडली नसती.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मला सांगता येत नाही. तळ्याला किती फेऱ्या झाल्या मोजल्या नाहीत. मुकुंदाने तुला दोनदा लिहिलं, तू त्यालाही कळवलंस की नानांबद्दल लिहायचं नाही. बोटीला सात दिवस उरले. पत्र परत करता येतं, पण तार आली तर माणूस घाबरून का होईना फोडतोच. तुला घाबरवायचं नाही, पण दुसरा रस्ता नाही.

तारेत काय लिहायचं? प्रेमलाबाई आज घरी आल्या. आपल्या घरी, पद्मे! तुझ्या आईने त्यांना पाटावर बसवलं आणि कपबशीतून चहा दिला. शेजारच्यांनी काय ते बघून घ्यावं. बाई म्हणाल्या, एकच शब्द पाठवा. वेनी. त्याचा अर्थ 'ये'.

'ये'! चार वर्षांपूर्वी द्यायचं होतं ते उत्तर.

पण बाई पुढे म्हणाल्या, "एक आहे. 'मी आलो' यालाही वेनीच म्हणतात. लिहायला अक्षरं तीच. बोलताना फरक. 'ये' म्हणायचं तर ए आखूड, 'आलो' म्हणायचं तर ए लांब." मी म्हटलं, ए आखूड असतच नाही. संस्कृतात ए दीर्घच, मराठीत तो आखूड लिहायला अक्षरच नाही. त्यांनी म्हणून दाखवलं. मला दोन्ही सारखंच ऐकू आलं. मी म्हणून दाखवलं, त्यांनी मान हलवली. पाच वेळा, सात वेळा. माझा ए लांबचा लांबच.

गंगम्मा पडवीत डाळ निवडत होती. तिला हसू आवरेना. म्हणाली, "मास्तर, तुमी लई शिकल्यालं, आन् एवडं न्हाय येत व्हय? आमच्यात बेळे म्हंजी पीक. आन् बेऽळे म्हंजी ही डाळ. बारकं पोरगंबी चुकत न्हाय की." मग तिने वेनी म्हटलं, आखूड. मग लांब. इतकं स्वच्छ की प्रेमलाबाईंनी टाळी वाजवली. मला तेव्हा कुठे कानाला फरक कळला. मी तिला म्हटलं, गंगम्मा, बरोबर. अगदी बरोबर. ती लाजली आणि म्हणाली, "येवड्यासाटी काय मास्तर, डाळच हाय."

'बरोबर' हा शब्द मी मोठ्याने आणि चारचौघांत म्हटला, हे तुला सांगावंसं वाटलं. तुझी आई चुलीपाशी उठून उभी राहिली होती.

तार ऑफिसातल्या बाबूने चार रोमन अक्षरं वाचली आणि मला निरखून पाहिलं. "शास्त्रीबुवा, हे नाव हाय का गाव?"

मी म्हटलं, क्रियापद.

"कुणाचं?"

मी म्हटलं, ते वाचणारी ठरवेल.

तारेत ए आखूड की लांब, ते दाखवायची सोय नाही. कुठला घालू, असा मी घरी येताना रस्ताभर विचार करत होतो. 'ये' म्हणायचा मला हक्क आहे का? दारात उभ्या असलेल्या मुलीला 'ये' म्हणावं, पाचशे मैलांवरच्या आणि तोंड फिरवलेल्या मुलीला बसल्या जागेवरून 'ये' म्हणणं म्हणजे पुन्हा टाक बुडवत बसण्यासारखं. शनिवार चौकात येईपर्यंत ठरलं, आपणच जायचं. म्हणजे ए लांब करायचा.

घरी सांगितलं. वाटलं, तुझी आई बरोबर येईल. तिने नाही म्हटलं. "मी आले तर ती माझ्यासाठी बाहेर येईल. तुमच्यासाठी यायला हवी." आता ती खलबत्त्यात शेंगांची चटणी कुटते आहे, तुझ्यासाठी. चार वर्षांत ती या घरात कुटली गेली नव्हती. आवाज इथपर्यंत येतो आहे. मला एका जागी बसवत नाही. उद्याच्या गाडीने निघतो.

नाना

*

वेलूर, वसतिगृहाच्या फाटकाशी
ता. ८ मे १९३३, दुपारी तीन

पद्मे,

रायचूरला गाडी तासभर रखडली, आरकोणमला बदलली, काटपाडीहून जटका, म्हणजे इकडचा टांगा, केला. रस्ताभर भाकरी आणि चटणीच खाल्ली. तुझ्या वाट्याच्या डब्याला मात्र हात लावलेला नाही.

अकरा वाजल्यापासून इथे बाकावर आहे. पहारेकऱ्याला माझं मराठी कळत नाही, संस्कृत कळत नाही, आणि लॅटिनवर तो मला हाकलणार होता. शेवटी तुझं नाव घेतलं. तेवढं कळलं. त्याने घड्याळात चारवर बोट ठेवलं, म्हणजे तोवर तू कामावर. मग माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. कोण, असंच असणार. मी म्हटलं, माझी मुलगी आहे. आहे, असंच म्हटलं. त्याला कळलं नाही, पण त्याने बाक सावलीत ओढून दिलं.

या चिठ्ठीबरोबर दोन पत्रं आहेत. एक तू परत केलेलं, तसंच बंद. ते आधी वाच. वाचायचं नसेल तरी त्यातली पहिली ओळ वाच, एकच ओळ आहे.

तार पोचली असेल. तू तिचा अर्थ 'ये' लावलास की 'आलो' लावलास, की रागाने फाडून टाकलीस, मला ठाऊक नाही. निघताना माझं ठरलं होतं. पण इथे बसल्या बसल्या वाटू लागलं, ते ठरवणारा मी कोण? तू वाचशील ते बरोबर. बोटीवर चढायचं ठरवलंस तर तेही बरोबर, मी बंदरावर उभा राहून 'ये' म्हणेन. मोठ्याने म्हणेन. या खेपेला तुझ्या उत्तराला मी चूक म्हणणार नाही.

चार तास मी एका जागी बसलो आहे. तुझ्या आईला हे खरं वाटणार नाही.

चार वाजत आले. चिठ्ठी पहारेकऱ्याच्या हातात देतो. उंबऱ्यात उभं राहून तू दोनदा विचारलं होतंस ना, ते आता मी विचारतो. फाटकाच्या बाहेरून.

पद्मे, येऊ?

नाना